कोतवालाचं पिल्लू अन् माझी माया

आता काय तोंडानं सांगू? पण अंक घरोघर गेलाच आहे, तर माझ्याकडूनच ऐका.

आमचे हे पक्ष्यांचं मासिक काढतात. संपादक म्हटल्यावर तुम्हाला केबिन दिसली असेल. कसली केबिन! अमरावतीत दोन खोल्या, शिलाई मशीनवर कम्प्युटर, अन् बाळ निजलं की संपादन सुरू.

त्या दिवशी मी बाळाला न्हाऊ घालून अंगणात आले, तर कडुनिंबाखाली कोतवाल पक्ष्याचं पिल्लू! एकटं. भिंतीवर शेजारची मांजर. माझं पोरगं नुसतं शिंकलं तरी मी दवाखाना गाठते, मग हे उघड्यावरचं लेकरू पाहून काय होणार? उचललं, टोपलीत ठेवलं, वर पिठाची चाळणी झाकली.

तेवढ्यात हे स्टेशनवरून अकोल्याच्या फोटोग्राफर गजूभाऊंना घेऊन आले. दोघं कॅमेरा धरून कडुनिंबासमोर पालथे पडले.

"अवो, काय झालं?"

"शू!"

चहा नेला. "शू!" पक्षी पाहणाऱ्यांत बोलणं म्हणजे पाप. मी आपली परत आत.

ऊन डोक्यावर आलं. हे रडायलाच आले. "गेलं, गजूभाऊ! उद्या अंक छापाले जाते, कव्हरले फोटो नाई. सकाळी इथंच पाह्यलं होतं मी, मांजरीनं नेलं पिल्लू!"

"कोतवालाचं? ते तं घरात हाय! दूध-पोळी चारून राहिली मी त्याले."

गजूभाऊंनी टोपीच काढली. "वहिनी, पाखराले दूध?"

"मंग काय चहा पाजू?"

"अवं, उडाले शिकून राहिलं होतं ते!" हे किंचाळले. "माय किडे आणाले गेली असन, येऊन चारते त्याले. पडलेलं पिल्लू उचलू नका, मागच्याच अंकात छापलं ना मी!"

छापलं होतं खरं. तेच पान मी टोपलीत अंथरलं होतं.

पिल्लू झाडाखाली ठेवायला गेले, अन् वरून माय सुटली ती थेट माझ्या डोक्यावर! मी पुढं, ती मागं. "अवो, वाचवा!" कोण वाचवतं? गजूभाऊंचा कॅमेरा कटकट, कटकट. अन् हे? "थोडी डावीकडून पय!"

अंक वेळेवर निघाला. दर्यापूरला माझ्या माहेरीसुद्धा पोचला. कव्हरवर मी. केस सुटलेले, तोंड वासलेलं, डोक्यात चोच. खाली यांनी स्वतः लिहिलेली ओळ : 'पिलाच्या शत्रूवर तुटून पडलेली माय'.

सातवीच शिकले हो मी. पण यातली माय कोण अन् शत्रू कोण, एवढं कळतं मला!