लिंबाएवढा फुगा

दुबईजवळच्या रास अल खैमात आमच्या खालच्या मजल्यावर एक रत्नागिरीकर राहतो. तो खडीचा ट्रक चालवतो. बोलण्याआधी खोकतो आणि दोष एसीला देतो. म्हणून काच खाली करून दिवसभर धूळ खातो.

माझ्या नातीच्या वाढदिवसाला तो आपणहून फुगे फुगवायला बसला. पहिलाच फुगा लिंबाएवढा झाला आणि त्याला धाप लागली.

"अंकल, सो स्मॉल!" नात म्हणाली.

"लिंबूच आहे हा," म्हणत त्याने गाठ मारली.

मला हसू आलं. तरुणपणी मीही एका फुंकरीत चूल पेटवते म्हणून मिरवायचे; पेटायचं फक्त सासूबाईंचं डोकं.

तो मात्र हळूच म्हणाला, "आजी, सराव करत होतो. उद्या कंपनीच्या डॉक्टरकडे फुंकायची टेस्ट आहे. फेल झालो तर ट्रकवरून उतरवतील. खोकला नाही, असंच सांगणार."

"अरे, ट्रक राहील, पण चालवायला छाती नको?"

"खलास, आजी, पुरे!" म्हणत तो उठून गेला.

सकाळी बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट घालून तो दारात उभा होता.

"आजी, तुम्ही पण चला. एकटा गेलो तर खोटं बोलेन."