थर्मोस्टॅटशेजारचं बटण

अंडी उबवायच्या खोलीसाठी मी वायरिंगचा नकाशा काढत होतो. खोली गार झाली की थर्मोस्टॅट हीटर चालू करणार, तापली की पंखा. आजवर हे इथल्या जुन्या कामगार सुनंदाबाई करत. आत शिरताच गालाला लागणाऱ्या हवेवरून त्यांना सगळं कळे. कागद बघून त्या म्हणाल्या, "यात मी कुठं आहे हो, साहेब?"

आपण सरळ रेघ ओढतो आणि तिच्याखाली कुणाची तरी वर्षानुवर्षांची जाण झाकली जाते, हे ध्यानातच येत नाही. मी नकाशात थर्मोस्टॅटच्या शेजारी हातानं चालवायचं एक बटण काढलं. "हा बिघडला, तर तुम्ही."

त्यांनी बटणावर बोट ठेवलं. "जरा खाली बसवा. माझा हात पोचला पाहिजे."