सुदाम मिस्त्रींचा भागाकार

पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या दुकानात दोन गोष्टी रोज साठतात, जळकी तांब्याची तार आणि किस्से. तार निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र इतकी वर्षं झाली तरी माझ्याच डोक्यात पडून आहेत!

सत्तरच्या दशकात दौंडला स्टेशनजवळ आमचं दुकान होतं. दुकान सुदाम मिस्त्रींचं आणि मी त्यांच्या हाताखाली. मी आयटीआय पास, त्यामुळे स्वतःला फार शहाणा समजायचो. मिस्त्री सातवी शिकलेले. पण व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेझिस्टन्स आणि गुणलं की वॅट, एवढ्या भांडवलावर हा माणूस कुणाशीही भिडायचा.

आणि एका साली भिडायची वेळ आलीच. 'मिस्त्री मोटारी कच्च्या भरतो म्हणून जळतात, त्याचं वायरमनचं परमिट रद्द करा,' असा एका शेतकऱ्याचा अर्ज वीज खात्याच्या वरच्या साहेबांकडे गेला होता. परमिट गेलं की दुकानाला कुलूप!

* * *

फजितीचा पहिला मान माझा. शंभर वॅटच्या बल्बला मी मल्टिमीटर लावला, रेझिस्टन्स आला चाळीस ओहम. दोनशे तीस भागिले चाळीस, म्हणजे पावणेसहा अँपिअर. वॅट काढले तर तेराशेच्या वर!

मी ऐटीत म्हणालो, "मिस्त्री, कंपनीनं फसवलं. शंभरचा बल्ब तेराशे वॅट खातोय!"

"पेटलेला मोजला का इझलेला?"

"विझलेला."

"म्हंजी झोपल्या गड्याची ताकद मोजलीस व्हय! पेटव त्याला. तापला की करंट मोज, मग भाग."

पेटवून मोजला. अर्ध्या अँपिअरलाही पोचला नाही. भागल्यावर रेझिस्टन्स पाचशेच्या वर निघाला. त्या दिवसापासून मी आयटीआयचं नाव जरा हळू घ्यायला लागलो.

* * *

मिस्त्रींची परमिटची तोंडी परीक्षा झाली होती पुण्यात. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे. परीक्षकांनी विचारलं, "ओहमचा नियम सांगा." मिस्त्रींनी खडूनं फळ्यावर गणित सोडवून दाखवलं. परीक्षक म्हणाले, "असं नको. इंग्रजीत व्याख्या सांगा."

मिस्त्रींनी टेबलावरच्या टेस्ट बोर्डाकडे बोट दाखवलं. "साहेब, त्या उघड्या तारंला हात लावा. झटका कुठल्या भाषेत बसतोय त्ये मला सांगा, मी त्याच भाषेत व्याख्या सांगतो."

पास केलं त्यांना! मला आजही त्या परीक्षकांचं कौतुक वाटतं.

* * *

शिरूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही स्टार्टर दुरुस्त करायला गेलो होतो. मालक मोठे बागायतदार, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मिस्त्रींनी नवा फ्यूज घातला, मोटार सुरू झाली, पाणी पडलं. आप्पा खूश! गड्यानं चहा आणला. मला चिनी मातीचा कप. मिस्त्रींसाठी त्यानं वळचणीतला कान तुटलेला कप काढला. मिस्त्री बौद्ध होते आणि तो कप कुणासाठी ठेवलेला असतो हे सांगायला नको.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मिस्त्री शांतपणे उठले, मोटार बंद केली, फ्यूज काढला आणि वळचणीत ठेवला.

"आप्पा, ह्यो बी माझ्याच हातचा हाय. ह्यालाबी येगळा ठिवा."

पाटातलं पाणी ओसरायला लागलं. आप्पा घरात गेले आणि स्वतःचा कप घेऊन आले. मिस्त्रींनी चहा पूर्ण प्याला, मगच फ्यूज बसवला.

* * *

शेवटी परमिटच्या चौकशीला साहेब आले. जागा ठरली अर्जदाराच्याच विहिरीवर. भर दुपार, शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू. मिस्त्रींनी मीटर लावला. सिंगल फेजला दोनशे तीसच्या जागी एकशे साठ व्होल्ट!

"साहेब, दाब असा पडला की मोटार जास्त करंट ओढती आन् जळती. माझ्या भरण्याचा दोष न्हाई."

साहेबांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमचा मीटर खोटा. आमच्या रजिस्टरात इथं दोनशे तीस आहे." त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं आणि परमिट रद्द करायचा कागद बाहेर काढला.

"ऱ्हायलं," मिस्त्री म्हणाले. "सही करा. पर आधी च्या घ्या."

त्यांनी पिशवीतून विजेची शेगडी काढली. हजार वॅटची नवी कॉइल. विहिरीवरच्या शेडच्या पत्र्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं : कॉइलचा रेझिस्टन्स त्रेपन्न. दोनशे तीसला हजार वॅट, पाणी दहा मिनिटांत उकळणार. एकशे साठला तीन अँपिअर, चारशे ऐंशी वॅट. निम्मंसुद्धा नाही! मग तिथल्याच बोर्डावर शेगडी लावून पातेलं ठेवलं.

अर्जदार, गावकरी, साहेब, सगळे बसले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना दौंडहून गाडी पकडायची होती. वीस मिनिटं झाली, पाण्याला अजून उकळी नाही. अर्जदार एकदा भिंतीकडे बघत होता, एकदा पातेल्याकडे.

साहेब वैतागले. "अहो मिस्त्री, चहा कधी उकळणार?"

मिस्त्रींनी रजिस्टर उचलून त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, ह्यात कवाच उकळलाय. ह्यातनंच प्या!"