नवव्या प्रकरणातलं पाणी

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत, ते चालत येतात. मी बारामतीच्या शाळेतला साधा मास्तर, पण एक कादंबरी छापून आली आणि भेटेल तो काहीतरी सांगून वर म्हणू लागला, "घाला की हे तुमच्या पुस्तकात!" गंमत अशी, की जे घाला म्हणतात ते कधीच घालता येत नाही, आणि जे घालू नये ते आपल्या पायांनी आत जाऊन बसतं. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावरच्या मंडळींनी मला असे ढीगभर किस्से दिले. त्यातल्या एकानं तर आठवडाभर अन्न गोड लागू दिलं नव्हतं. आता सुटलोय, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

*

आमचे ग्रंथपाल नाना. पुण्याहून आगगाडीनं नवी पुस्तकं आली की आधी ती नाना वाचणार, मगच कपाटात जाणार. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण पुस्तक देताना नानांना राहवत नसे. वहीत सही घेता घेता म्हणायचे, "न्या, पण शेवटी नायिका मरते हं. मागाहून तक्रार नको!"

एकदा पोस्टमास्तर भडकले. त्यांनी रहस्यकथा मागितली होती आणि नानांनी खुनी कोण ते सांगून टाकलं होतं.

"अहो नाना, मग आता मी वाचू कशाला?"

"खात्री करून घ्यायला!" नाना शांतपणे म्हणाले.

माझी कादंबरी मात्र ते शेवट न सांगता द्यायचे. मी मनातून हरखलो होतो. केवढा मान! वर्षभरानं कळलं, ते शेवटापर्यंत पोचलेच नव्हते.

*

इंदापूरच्या मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावलं. विषय, 'लेखकाला सुचतं कसं?' सर्व्हिस मोटारीनं निघालो. वाटेत दोनदा उतरून गाडी ढकलली, अंगावर बोटभर धूळ घेतली आणि एकदाचा पोचलो.

सभा भरगच्च होती. मी तासभर बोललो. एकांत, भटकंती, नदीकाठी बसणं, झाडाखाली पडून राहणं, पहाटेचं चिंतन, काही म्हणजे काही सोडलं नाही. टाळ्याही पडल्या. अध्यक्ष होते एक जुने वकील. ते समारोपाला उठले.

"आजच्या विद्वत्तापूर्ण व्याख्यानाचं सार एवढंच," ते म्हणाले, "की मास्तरांना शाळेत फारसं काम दिसत नाही!"

परतताना मोटार एकदाही बंद पडली नाही. त्या दिवशी तेवढंच एक सुख.

*

आता तात्या. काटेवाडीचे बागाईतदार, आमच्या ओट्याचे आधारस्तंभ. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकण्याचा नाद जबरदस्त. बाजारच्या दिवशी भाजी विकली, की गाडी सोडून थेट ओट्यावर.

एका हिवाळ्यात ते मला आणि नानांना सणसरला पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. ताजा रस झाला, गरम गूळ झाला. मग मला सांगितलं, नव्या कादंबरीतलं काहीतरी वाचा. मी मुद्दाम गुऱ्हाळाचाच प्रसंग काढला. नायक-नायिका उकळत्या रसाच्या काहिलीच्या दोन बाजूंना उभे, वाफेतून एकमेकांकडे बघतायत आणि बघतच राहतायत. दीड पान नुसतं बघणं! मला स्वतःला तो प्रसंग फार आवडायचा.

वाचून झालं. गूळ करणारा म्हातारा गुळव्या अस्वस्थ होऊन म्हणाला, "बघू द्या की त्यास्नी, माजं काय बी म्हननं न्हाय. पर मास्तर, तवर काहील कोन ढवळतंय?"

"करपला की वो समदा गूळ!" दुसरा कुणीतरी हळहळला.

पुण्यातल्या टीकाकारांनी माझ्या लिखाणातले पुष्कळ दोष काढलेत, पण इतका खरा एकानंही नाही. त्या दीड पानाच्या मी चार ओळी केल्या आणि नायकाच्या हाती ढवळायला फावडं दिलं.

त्याच दिवशी परतताना नाना गाडीत मागे घोरत होते. बैल हाकता हाकता तात्या एकदम म्हणाले, "मास्तर, माज्या हातनं एक पाप झालंया."

त्यांचा थोरला भाऊ गेल्यावर भागूवहिनी शेजारचं रान एकटीनं कसत होत्या. एका उन्हाळ्यात त्यांच्या उसाला कालव्याच्या पाण्याची पाळी आली, आणि त्या नेमक्या माहेरी लग्नाला गेलेल्या. तात्यांनी भर दुपारी ते पाणी आपल्या उसात वळवलं. वहिनींचा ऊस वाळला. सगळ्यांना वाटलं, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं पाणीच सोडलं नाही.

"बारा वर्सं झाली. तिच्या हातचं जेवतो, पर घास अडकतो बगा. कुनाला सांगू नगा."

कादंबरीकाराला 'कुणाला सांगू नका' म्हणणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. माझं नववं प्रकरण तिथंच तयार झालं. नावं बदलली, गाव बदललं, पण पाणी तेच राहिलं. सांगायला लाज वाटते, पण आजवर लिहिलेलं तेच सगळ्यात चांगलं उतरलं होतं.

*

आमच्या ओट्याचा एक नियम होता. हस्तलिखित पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय छापायला पाठवायचं नाही. आठ प्रकरणं सुखरूप झाली. नवव्याला मी पाण्याचा भाग गाळला आणि पुढचं घडाघडा वाचून वही मिटली.

तात्या ऐकताना वाखाचा दोर वळत बसायचे. त्यांनी वळलेला दोर हातानं मापला आणि भुवया चढवल्या.

"मास्तर, दर येळी एका प्रकरनाला आठ हात दोर हुतो. आज पाचच झाला. काय गाळलंसा?"

नाना ताडकन म्हणाले, "नियम म्हणजे नियम!"

मी वही उघडली आणि वाचलं. खाली मान घालून, एकही शब्द न वगळता वाचलं. संपल्यावर वर पाहिलं तर तात्यांचे हात थांबलेले. ते उठले, बैल जुंपले आणि रामराम न करता निघून गेले.

तसा आठवडा वैऱ्यालाही येऊ नये. प्रकरण फाडावं, तर कादंबरीचा जीव जातो. ठेवावं, तर सोन्यासारखा माणूस जातो. शेवटी फाडायचं ठरवलं. कादंबरी पुन्हा लिहिता येते, तात्या कुठून आणणार?

*

पुढच्या बाजारी वही घेऊन ओट्यावर गेलो. तात्यांची गाडी आली, आणि गाडीतून उतरल्या भागूवहिनी! आमच्या ओट्यावर त्याआधी एकही बाई बसली नव्हती. नानांनी लगबगीनं स्वतःची सतरंजी पसरली.

तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, त्ये पान्याचं पुन्ना वाचा. तीनदा सांगाया गेलो तिला, पर त्वांडातनं शबुद फुटंना. तुमच्या वहीत समदं नीट हाय."

मी वाचलं. वहिनी पदर डोक्यावर घेऊन निश्चल बसल्या होत्या. तात्या ओट्याच्या फरशीकडे बघत होते.

"मास्तर," वाचन संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "बाकी समदं बरुबर हाय. फकस्त ती बाई लईच गरीब दावलीया तुमी."

"म्हणजे?"

"म्हंजी काय! मी म्हायेरास्नं आले तवाच वळखलं, भावजींच्या वाफ्यात वल आन् माज्या रानात धूळ. पुढच्या पाळीला भावजी सुप्याच्या बाजारला गेलं हुतं. त्यांच्या वाफ्याचं दारं बुजवलं आन् समदं पानी माज्या उसाच्या खोडव्याला घेतलं. तवाच झाली की फिट्टंफाट! मला वाटलं, त्यास्नी ठावं हाय."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नाना तर तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसत होते. फक्त तात्या ताठ उभे राहिले होते.

"आं! वैनी, त्ये तू केलंस?" ते कसेबसे म्हणाले. "आन् म्या बारा वर्सं झाली, त्या पाटकऱ्याशी बोलत न्हाय!"