नानांचे नाक

माणूस समोर आला की नाना ‘बरा हाईस का’ असे विचारीत नसत. ‘वास येतो ना रं?’ असे विचारीत. येतो म्हटले की मान हलवीत आणि कामाला लागत. नव्या माणसाला ती थट्टा वाटे. मलाही वाटली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत खालापूर तालुक्यातल्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात ते गॅस साफ करण्याच्या खात्याचे मुकादम होते. तेल गोठवायला हायड्रोजन लागतो. तो कोळशाच्या तापलेल्या कोकवर वाफ सोडून केलेला, म्हणून घाणेरडा असे. त्यात कार्बन डायऑक्साइड असे आणि सडक्या अंड्यासारखा घाण मारणारा गंधकाचा वायूही. आधी तो पाण्याच्या फवाऱ्यात धूत, मग खोलीएवढ्या लोखंडी पेट्यांतून नेत. पेट्यांत फळ्यांवर विरवलेला चुना आणि लोखंडाच्या गंजाची भुकटी पसरलेली असे. चुना कार्बन डायऑक्साइड धरी, गंज गंधक धरी. त्यावरून सगळे त्यांना चुन्याचे नाना म्हणत.

कडावच्या आमच्या शेतकरी घरात सही करता येणारासुद्धा मी पहिलाच. बी.एस्सी. होऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, पण माझे निम्मे काम नानांच्या खात्यात होते. पेटीतून निघालेला गॅस चुन्याच्या निवळीतून सोडायचा. निवळी दुधासारखी झाली की पेटीतला चुना संपला असे समजायचे. पहिल्या दिवशी नानांनी मला गड्यांसमोर उभे केले. ‘ह्यो आपल्या कडावचा. कालिजात जाऊन आलाय. याच्यापुढं शिवी द्यायची नाय.’

‘मग बोलायचं काय, नाना?’ गणपत नावाचा गडी म्हणाला.

सगळे हसले. माझ्या पदवीचा अर्थ घरी कुणाला कळत नव्हता. तिचा पहिला मान मला त्या उग्र वासाच्या शेडमध्ये मिळाला, हे मी कधी विसरलो नाही.

संपलेली पेटी उघडणे हे सर्वांत वाईट काम. झाकण उचलले की डोळ्यांतून पाणी वाहू लागे. तेव्हा नाना ओरडून सांगत, ‘घाण मारतीय तवर भ्यायचं नाय. वास बंद झाला की पळायचं.’ गॅस फार झाला की तो आधी नाकच मारतो, आणि माणसाला वाटते हवा साफ झाली. मग काळा पडलेला गंज फावड्यांनी बाहेर काढून उघड्यावर पसरत. वारा लागला की तो हळूहळू पुन्हा तांबूस होई आणि परत पेटीत जाई. नाना त्याच्याकडे बघत म्हणत, ‘मालाला बरं हाय. वाऱ्यावर टाकला की जीव येतो.’

ते असे का म्हणत, ते एका दुपारी कळले. गणपतने शेडमागे सुकट भाजायला ठेवली आणि तो कुणाशी तरी बोलत बसला. सुकट करपली, मी प्रयोगशाळेतून धावत आलो. नाना तव्यापासून हातभरावर विडी ओढत बसले होते.

‘नाना, वास नाय आला?’ गणपत म्हणाला. ‘अर्धं खालापूर जागं झालं असंल.’

‘आला की,’ नाना म्हणाले. पण त्यांनी तव्याकडे पाहिले ते धूर दिसल्यावर.

मग मला त्यांनी सांगितले. नाकाला वास येईनासा होऊन बरीच वर्षे झाली होती. कर्जतच्या डॉक्टरांनी काम सोडा म्हटले होते. साहेबांकडे बॉयलरवर बदली मागितली, तर ‘तुमच्याइतकं पेट्यांचं कुणाला कळतं?’ हे उत्तर. त्यांच्या जागी आणलेली माणसे वासानेच पळून जात. नाना पुन्हा तिथेच. गड्यांना जपायला त्यांच्याकडे नाक उरले नव्हते, म्हणून ते आमची नाके वापरीत.

‘तू जा रं,’ ते मला म्हणत. ‘शाबूत हाय तवर. शाळंत शिकव.’ मी हो म्हणे. धाकटा भाऊ हायस्कुलात होता, शाळेच्या पगारात ते निभले नसते. मी गेलो नाही.

पुढे नानांची छाती भरली आणि ते घरी बसले. पेट्या उघडण्याची देखरेख माझ्याकडे आली. भातकापणी झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. ओटीवर गोधडी घेऊन बसले होते, फार वाळलेले. आत काकींची चूल पेटलेली होती. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

‘बीएस्सी, सांग बरं. आत कसला वास येतो?’

‘नव्या भाताचा,’ मी म्हणालो. ‘काय सुरेख सुटलाय, नाना.’

त्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात काकी पदराने हात पुसत दारात आल्या. ‘भात कुठला रं? तांदूळ अजून वैरले नाय. दूध उतू जाऊन जळलं, त्याचा घमघमाट सुटलाय मघापासनं.’

नानांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. काकी आत गेल्या.

‘कधीपासनं?’ त्यांनी विचारले.

‘पावसाळ्याआधीपासून.’

अंगणात नवे भात वाळत पडले होते. नानांनी तिकडे पाहिले.

‘आन् मग पेटी उघडताना कुणाला इचारतोस?’

‘नवा एक लागलाय,’ मी म्हणालो. ‘त्याला विचारतो.’