मंदाताईंनी ओळखलेला साप

मंदाताई गेल्याचं त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी डहाणूच्या बाजारात भाजी घेत होते. पिशवी हातातच धरून तिथल्या बाकड्यावर बसले... आता महिना होत आला, तरी त्यांच्याबद्दल बोलताना तोंडातून अजून ‘आहेत’ असंच येतं. आम्ही एकाच शाळेत होतो. त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी इतिहास. मला सापाचं नाव काढलं तरी कापरं भरायचं, आणि त्या सापाचं नाव निघालं की खुर्ची पुढे ओढून बसायच्या.

निवृत्तीनंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही सुके बोंबील आणायला चिंचणीला गेलो होतो. किनाऱ्यावर वसंत नावाचा मच्छीमार जाळ्यातून मासे सोडवत होता, तेवढ्यात त्याच्या बोटाला साप चावला. दोन बारीक ठिपके. ना सूज, ना कळ. “पाण्यातली दिवड हाय, ताई. तिला कुठलं विष!” तो हसत म्हणाला. मंदाताई जरा लांबूनच जाळ्याकडे वाकल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

“दिवडीची शेपटी निमुळती असते. हिची बघ, वल्ह्यासारखी चपटी. आणि वरचा जबडा चोचीसारखा खाली वळलाय. समुद्रसाप आहे हा. दुखत नाही, म्हणून फसू नकोस. आता एक पाऊलही चालायचं नाही.”

त्यांनी तिथल्या इतर मच्छीमारांना साप झाकणाच्या ड्रममध्ये समुद्राच्या पाण्यात ठेवायला लावला आणि वसंतला टेम्पोत आडवं केलं. दवाखाना येईपर्यंत त्याची मान आखडली, पापण्या जड झाल्या, जबडा उघडेना. डॉक्टरांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं. हे विष स्नायूंवर जातं, सर्पदंशाच्या नेहमीच्या लशीवर विसंबून चालणार नाही, श्वास आणि किडनी सांभाळायला हव्यात, यावर दोघांचं एकमत झालं. दुपारी वसंतला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी निरोप द्यायला गेलो. त्याची आई किनाऱ्यावरून आणून ठेवलेल्या त्या ड्रमपाशी जाड काठी घेऊन उभी होती. “माझ्या पोराला चावली. हिला सोडायची नाय.” ताईंनी फक्त झाकण सरकवलं. आत त्या सापाभोवती सुतळीसारखी पिल्लं वळवळत होती, प्रत्येकाला तशीच इवली चपटी शेपटी.

“अंडी कुठं हायत?” म्हातारीने विचारलं.

“अंडी घालतच नाही ही. समुद्रातच राहते, तिथेच जिवंत पिल्लं देते.”

म्हातारी काठी टेकून खाली बसली. मी सापाकडे इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटायची राहून गेली... पोरगा अजून शुद्धीवर नव्हता, तरी शेवटी तीच म्हणाली, “न्या. खाडीत ओता.”

वसंत काही आठवड्यांनी भिंत धरत घरी आला. पुढे ताई त्याच्या होडीतून समुद्रात जायला लागल्या. मला होडी लागते, म्हणून मी कधी गेले नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. “बाई, आज जाळ्यात एक आला व्हता. काठीने सोडला पाण्यात. मग इंजिन बंद करून थांबलो.”

“कशाला रे?”

“ताई थांबायच्या ना. साप हवा घ्यायला वर येतो, तो दिसेपर्यंत होडी हलू द्यायच्या नाय.”

मला हे ठाऊकच नव्हतं.

“मग... आला का वर?”

“आला, बाई. उशीर लावला, पण आला.”