काठोकाठ भरलेली क्लचची डबी

तुमची आई, माझी लेक, इंजिनिअर झाली तेव्हा तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं परदेशातून आणलेली जड मोटारसायकल आमच्याकडे साताऱ्यात असायची आणि ती चालवायची तुमची आईच. त्या गाडीच्या क्लचला तार नव्हती. तो तेलाच्या दाबावर चालायचा आणि ते तेल हँडलवरच्या लहानशा डबीत असायचं.

खंडेनवमीला विळी, हातोडी, शिवणयंत्र, सगळं पुसून पूजेला मांडलं. गाडीही धुतली. तुमच्या पणजीनं डबीच्या काचेतून तेल पाहिलं आणि म्हणाली, "अर्धीच आहे गं. पूजेला अर्धं भांडं ठेवतात का?" तुमच्या आईनं हसून डबी काठोकाठ भरली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कोयनानगरला नोकरीवर हजर व्हायचं होतं. दुपारी बाराच्या आत सही झाली नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार, असं बजावून सांगितलं होतं. तिची खोली लावून द्यायला म्हणून मीही मागे बसले.

पाटणपर्यंत गाडी छान पळाली. पुढे चढाला मात्र इंजिन नुसतं ओरडू लागलं, चाक वेग घेईना. शेवटी आम्ही उतरलो. तिथंच वडापची जीप माणसं भरायला थांबली होती. ड्रायव्हर जवळ आला.

"ताई, क्लचच्या प्लेटा गेल्या. आवं मावशी, बसा दोघी जीपमधी."

"कधी सुटणार?" मी विचारलं.

"भरली की."

जीपमध्ये एक म्हातारबाबा होते आणि त्यांच्या मांडीवर दोन कोंबड्या.

"कोंबड्या धरून मोजता का?" तुमच्या आईनं विचारलं.

"त्या मांडीवर हायत, त्यांचं तिकीट न्हाई."

ती हसली, पण घड्याळाकडे बघायचं टाळत होती. तिनं क्लचचा दांडा दाबून पाहिला, मग मलाही दाबायला लावला. सकाळी तो बोटभर सैल हलायचा, आता जागचा हलेना. "प्लेटा जळल्या असत्या तर सकाळपासून घसरल्या असत्या," ती म्हणाली. "गाडी तापल्यावरच हे सुरू झालंय. आई, तापलं की तेल फुगतं. पूजेला मी डबी काठोकाठ भरली, आता त्याला फुगायला जागाच नाही. आत अडकलेला दाब प्लेटांना एकमेकींना पुरतं चिकटू देत नाही, म्हणून त्या घसरतात."

"मग पूजेचं तेल सांडणार व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. पण पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यानंच आणून दिला.

तिनं टाकीवर माझा टॉवेल पसरला, कारण ते तेल रंग खातं. झाकण उघडलं तर तेल पार काठाशी आलेलं. रुमालाचं टोक बुडवून, पिळून, परत बुडवून तिनं ते डबीवरच्या खुणेपर्यंत खाली आणलं. घाई होती, तरी एकही थेंब रंगावर पडू दिला नाही. झाकण लावून दांडा दाबला, तर तो पुन्हा सैल हलला. घाईत माणूस धांदरट होतो, असा माझा अनुभव; ती मात्र घाईत जास्तच नीटनेटकी झाली होती.

"जमलं गड्या," ड्रायव्हर म्हातारबाबांना म्हणाला. "आपली दोन शिटं गेली."

चढ गाडीनं एका दमात घेतला. कचेरीत पोहोचलो तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. कारकुनानं रजिस्टर पुढे सरकवलं. तुमच्या आईनं आपले तेलकट हात पाहिले, आणि पेन घेण्याआधी शांतपणे विचारलं, "साबण कुठं मिळेल?"